फाशी, इंजेक्शन की गोळी? 'कमी त्रासाचं मरण' असं काही खरंच असतं का?

घाटरस्ता:
सुप्रीम कोर्टातल्या त्या फाशीच्या याचिकेची बातमी वाचल्यापासून डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. याचिका २०१७ ची आहे, एका वकिलानंच केलेली. म्हणणं असं की गळ्याला दोर लावून लटकवणं ही क्रूर आणि जुनाट पद्धत आहे, त्याऐवजी इंजेक्शन द्या किंवा निदान कैद्याला दोन्हीतलं एक निवडू द्या. ऑक्टोबर २०२५ च्या सुनावणीत सरकारनं सांगितलं की असा पर्याय देणं व्यवहार्य नाही, त्यावर न्यायमूर्ती म्हणाले की अडचण हीच आहे, सरकार काळाप्रमाणे बदलायला तयार नाही.

फाशी असावी की नसावी यावर इथे शंभर धागे झालेत, तो विषय कृपया नको (येणारच आहे म्हणा). मला फक्त पद्धतीबद्दल विचारायचंय. आपण म्हाताऱ्या आजारी कुत्र्याला व्हेटकडे नेतो, एक इंजेक्शन, दोन मिनिटांत शांत. मग माणसाच्या बाबतीत हे का जमू नये असं मला आपलं साधं वाटत होतं. पण मग वाचलं की अमेरिकेत काही ठिकाणी इंजेक्शन सोडून आता नायट्रोजन वापरतायत, कुठे तर परत गोळ्या घालायला लागलेत, म्हणजे इंजेक्शनमध्ये पण काहीतरी लोचा असणार ना? कोणी मेडिकलवाले, वकील असतील तर सांगा. गूगल केलं की एकतर युट्यूबवरचे भडक व्हिडिओ येतात नाहीतर एमपीएससीच्या नोट्स.

सडेतोड_सातारकर:
ज्यांनी चार-पाच वर्षांच्या पोरींचे हाल करून मारलं त्यांना मरताना त्रास होऊ नये म्हणून आपण धागे काढायचे. धन्य आहे. दोर जुना झाला असेल तर नवा आणा, विषय संपला.

भूलभुलैया:
@सातारकर, राग समजतो, पण धाग्याचा प्रश्न वेगळा आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे, माणसाला झोपवणं हाच रोजचा धंदा, फक्त आम्ही परत उठवतो. त्यामुळे इंजेक्शनबद्दल लिहितो. ओक्लाहोमानं १९७७ मध्ये कायदा केला आणि टेक्सासनं डिसेंबर १९८२ मध्ये पहिल्यांदा प्रत्यक्षात वापरलं ते तीन औषधांचं प्रकरण असं: आधी थायोपेंटोन, म्हणजे झोप (आमच्या शिकण्याच्या काळात रोजच्या वापरातलं, प्रोपोफॉल आल्यापासून मागे पडलं). मग पॅनक्युरोनियम, म्हणजे अंगातले सगळे स्नायू ढिले, श्वास बंद. मग पोटॅशियम क्लोराइड, हृदय बंद.

पहिल्या औषधानं गाढ झोप लागली तर पुढचं काही कळत नाही, हे खरंय. पण सुई शिरेतून निसटली, औषध मांसात गेलं, झोप अर्धवट लागली तर काय? दुसऱ्या औषधानं माणूस पूर्ण लुळा पडतो पण आतून जागा असतो. श्वास घ्यायचाय, घेता येत नाही. पोटॅशियम जाताना शिरेतून आग होत जाते, पण ओरडता येत नाही, पापणी पण हलत नाही. आणि काचेपलीकडे बसलेल्या साक्षीदारांना काय दिसतं तर शांत झोपलेला माणूस. ऑपरेशनमध्ये चुकून असं 'आतून जागेपण' आलेले पेशंट क्वचित असतात, त्यातल्या काहींना पुढे वर्षानुवर्षं झोप लागत नाही.

माझा सगळा राग त्या दुसऱ्या औषधावर आहे. मारायला त्याची गरजच नाही, पहिल्याचाच मोठा डोस पुरतो. ते कैद्यासाठी नाहीचे. हातपाय झाडले, आचके दिले तर बघणाऱ्यांना वाईट दिसेल म्हणून ते आहे. तुमच्या कुत्र्याचं विचाराल तर व्हेट बहुतेक वेळा पेंटोबार्बिटल (थायोपेंटोनच्याच जातीचं झोपेचं औषध) एकटंच देतात, आणि जनावर जागं असताना नुसतं लुळं करणारं औषध देणं त्यांच्यात चक्क गैर मानलं जातं.

दुसरी भानगड म्हणजे सुई लावणार कोण? अमेरिकन मेडिकल असोसिएशन डॉक्टरांना यात भाग घेऊ देत नाही, म्हणून बऱ्याचदा तुरुंगाची माणसं किंवा थोडं ट्रेनिंग घेतलेले लोक करतात. आणि कैद्यांमध्ये वर्षानुवर्षं नशा करून शिरा खराब झालेले खूप, तिथे आम्हालाही घाम फुटतो. एप्रिल २०१४ मध्ये ओक्लाहोमात क्लेटन लॉकेटच्या जांघेतल्या शिरेत सुई लावली आणि वर चादर टाकली. सुई नीट बसलीच नव्हती, चादरीमुळे ते कोणाला दिसलं नाही, माणूस बोलायला आणि उठायला लागला, शेवटी ४३ मिनिटांनी गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲरिझोनात जोसेफ वुडला जवळजवळ दोन तास लागले, १५ डोस दिले त्याला.

घाटरस्ता:
बापरे. चादरीचं वाचून पोटात गोळा आला. मग फाशी त्यापेक्षा बरी का? याचिकेत म्हटलंय की फाशीत चाळीस मिनिटं लागतात.

पाया_आणि_पिलर:
मी डॉक्टर नाही, सिव्हिल इंजिनियर आहे, पण फाशीचं गणित मी मागे हौसेनं वाचलंय (बायको म्हणते तुला हौस पण कसली आहे बघ). पूर्वी नुसतं लटकवायचे, माणूस गुदमरून जायचा, वेळ लागायचा. १८७२ च्या सुमारास विल्यम मारवूड नावाच्या इंग्रज फाशीवाल्यानं 'लाँग ड्रॉप' आणला, म्हणजे माणूस पायाखालची फळी उघडून काही फूट सरळ खाली पडतो आणि दोर ताणला की त्या झटक्यानं मानेचा मणका निसटतो. किती फूट पाडायचं हे वजनावर ठरतं. १९१३ च्या इंग्लंडच्या तक्त्याचा हिशोब साधा: १००० ला पौंडातल्या वजनानं भागा, उत्तर फुटात. ७० किलोचा माणूस म्हणजे १५४ पौंड, म्हणजे साडेसहा फूट. आपल्या जेल मॅन्युअलमध्ये पण वजनाप्रमाणे साधारण १.८ ते २.४ मीटर असे टप्पे आहेत, हलका माणूस जास्त, जड माणूस कमी. आधी कैद्याच्या दीडपट वजनाची वाळूची गोणी टाकून दोराची चाचणी घेतात.

आता यातली गोम. ड्रॉप कमी पडला तर मणका तुटत नाही, गुदमरणं होतं. जास्त झाला तर मुंडकंच वेगळं होतं. २००७ मध्ये बगदादला सद्दामच्या सावत्र भावाचं, बरझान अल तिक्रितीचं, असंच झालं. म्हणजे दोन्हीकडे चूक आणि मधे एक अरुंद पट्टी. आणि वजन हा एकच आकडा धरलाय, मान किती जाड, स्नायू किती, वय काय, गाठ कानाखाली नेमकी कुठे बसली, हे तक्त्यात कुठेच नाही. स्ट्रक्चरच्या कामात एवढ्या कमी माहितीवर कोणी माझ्याकडून सही घेतली नसती.

भूलभुलैया:
छान लिहिलंत. त्यात भर: ब्रिटनमध्ये फाशी दिलेल्यांचे जुने सांगाडे नंतर तपासले तर बहुतेकांत ते पुस्तकातलं ठराविक 'हँगमन्स फ्रॅक्चर' सापडलंच नाही. म्हणजे मणका तुटून झटक्यात मृत्यू हे आपण समजतो तितकं हमखास नाही.

पण चाळीस मिनिटांबद्दल एक सांगतो, कारण तो आकडा वाचून लोकांना वाटतं चाळीस मिनिटं माणूस तडफडतो. तसं नाही. आपल्याकडे बॉडी अर्धा तास लटकत ठेवायचा नियमच आहे, मग डॉक्टर तपासून मृत घोषित करतो. मणका तुटला तरी हृदय काही मिनिटं, कधी दहा-वीस मिनिटं चालू राहतं. शुद्ध त्याआधीच गेलेली असते. नुसता गळा आवळला गेला तरी मेंदूचं रक्त थांबून साधारण दहा-पंधरा सेकंदात शुद्ध जाते असं दिसतं. तेव्हा मोजायचं असेल तर शुद्ध जाईपर्यंतचा वेळ मोजा. आणि तो नेमका किती हे आपल्याकडे कोणी मोजलंय? डोक्यावर काळं कापड, पहाटेची वेळ, हजर कोण तर सुपरिंटेंडेंट, डॉक्टर, मॅजिस्ट्रेट.

कोर्टकचेरी:
उशिरा येतोय, आज तारखा होत्या.

कायद्यात वाक्य छोटं आहे, 'मरेपर्यंत गळफास'. आधी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) ३५४(५), आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३९३(५), शब्द तेच. गंमत म्हणजे लष्कराच्या कायद्यात (१९५०, कलम १६६) फाशी किंवा गोळी असे दोन पर्याय आधीपासून आहेत. म्हणजे पर्याय देणं या देशात अगदी अशक्य आहे असं नाही, फक्त तिथे निवड कोर्ट मार्शलची असते, कैद्याची नाही.

हा मुद्दा १९८३ मध्ये दीना विरुद्ध भारत सरकार मध्ये सविस्तर लढला गेलाय. तिथे कोर्टानं एक चांगली गोष्ट केली, सांगितलं की पद्धत क्रूर नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. आणि मग पुरावे बघून सांगितलं की फाशी शक्य तितकी वेदनारहित आहे, चालू द्या. लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. चाळीस वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, त्याच प्रश्नावर सरकारकडे 'काही शास्त्रीय माहिती आहे का, आणा' असं विचारणाऱ्या खंडपीठावर कोण, तर धनंजय चंद्रचूड. वडिलांचा निकाल मुलाच्या पुढ्यात. मधल्या काळात २००३ मध्ये विधी आयोगाच्या १८७ व्या अहवालात इंजेक्शन हा पर्याय ठेवा असं सुचवून झालं होतं, तो अहवाल कपाटात. २०१५ च्या २६२ व्या अहवालानं तर दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून फाशीच काढा म्हटलं, तोही त्याच कपाटात.

पण मला विचाराल तर खरी कामाची ओळ २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात आहे. त्यात कोर्टानं फाशीनंतर पोस्टमॉर्टेम सक्तीचं केलं, कारण मणका तुटून गेला की गुदमरून गेला हे त्यातूनच कळणार. त्याआधी बऱ्याच राज्यांच्या मॅन्युअलमध्ये तशी तरतूदच नव्हती. म्हणजे स्वातंत्र्यापासून आपण माणसं फाशी देत आलो, वर 'वेदनारहित' म्हणत आलो आणि आत काय झालं ते बघायची सक्ती कोणावर नव्हती.

ह्यूस्टनवाला:
इकडून थोडं. हंट्सव्हिल, म्हणजे टेक्सासमध्ये मृत्युदंड देतात तो तुरुंग, माझ्या घरापासून गाडीनं दीड तासावर, तिथे संध्याकाळी सहानंतर इंजेक्शन देतात. टेक्सासनं २०१२ पासून तीन औषधं सोडून एकटं पेंटोबार्बिटल चालू केलंय. पण ते येतं कुठून हे कायद्यानंच गुप्त. कारण असं की मोठ्या कंपन्यांनी आपली औषधं यासाठी द्यायची बंद केली, २०११ मध्ये युरोपियन युनियननं निर्यातीवर बंधनं आणली, आणि मग राज्यं जगभर औषध शोधत फिरायला लागली. आता यात आपला संबंध: नेब्रास्कानं थायोपेंटोन मिळवलं ते मुंबईतल्या एका औषध कंपनीकडून! बोभाटा झाल्यावर कंपनीनं २०११ मध्ये जाहीर केलं की यापुढे या कामासाठी विकणार नाही. नंतर २०१५ मध्ये कोलकात्याच्या एका पुरवठादाराला नेब्रास्कानं ५४,४०० डॉलर आगाऊ दिले, माल पोचलाच नाही. सरकार दुसऱ्याचा जीव घेण्यासाठी ॲडव्हान्स देतं आणि बुडतं, यावर हसावं की काय ते कळत नाही.

नायट्रोजनचं तुम्ही विचारलंत. अलाबामात जानेवारी २०२४ ला केनेथ स्मिथवर जगात पहिल्यांदा वापरलं. आधी २०२२ मध्ये त्यालाच इंजेक्शन द्यायचा प्रयत्न फसला होता, शीरच सापडेना, मध्यरात्री परत कोठडीत पाठवलं. नायट्रोजनबद्दल राज्य सांगत होतं की काही सेकंदात शुद्ध जाईल, साक्षीदारांनी सांगितलं की तो कित्येक मिनिटं बेडवर थरथरत आणि आचके देत होता. आणि मार्च २०२५ मध्ये साउथ कॅरोलिनात ब्रॅड सिगमननं विजेची खुर्ची, इंजेक्शन आणि गोळी यातून गोळी निवडली, आपणहून. इथे ऑफिसात सगळ्यांना तो वेडेपणा वाटला, मला वरचा भूलतज्ज्ञांचा प्रतिसाद वाचून तो माणूस शहाणा वाटतोय.

सदाशिवपेठ_जुनी:
वकीलसाहेबांनी १९८३ म्हटलं म्हणून लिहिते. पुण्यातले जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा मी शाळेत होते. जानेवारी ७६ ते मार्च ७७, दहा माणसं. संध्याकाळी सातला पेठेत सामसूम, आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा जो एरवी रात्री दहापर्यंत उघडा असायचा तो दिवेलागणीला बंद, वर आडणा, आणि आतून वडील दोनदा ओढून बघायचे. चौघा खुन्यांना नोव्हेंबर ८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली, म्हणजे तुमच्या त्या निकालानंतर दोन महिन्यांनी. तेव्हा पुण्यात एकाही माणसाला मी पद्धतीबद्दल बोलताना ऐकलं नाही हो. आईनं पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाली 'सुटले एकदाचे'. ते चौघं सुटले की गेलेली माणसं की आपण सगळे, कोण ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सातारकरांचा राग मला परका नाही एवढंच सांगायचं होतं. बाकी चर्चा वाचतेय.

सडेतोड_सातारकर:
धन्यवाद ताई.

आणि आता मी पण जरा शांतपणे लिहितो. तुम्ही सगळे त्या शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांवर एवढं लिहिताय, त्याच्या आधीची वर्षं कोण मोजणार? निर्भयाच्या केसमध्ये तारीख निघाली २२ जानेवारी, मग १ फेब्रुवारी, मग ३ मार्च, मग शेवटी २० मार्च २०२०. त्या मुलीची आई प्रत्येक तारखेला कोर्टात. तिला काय त्रास झाला त्याचं कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?

कोर्टकचेरी:
सातारकर, हा मात्र तुमचा मुद्दा एकदम बरोबर आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी लागतो. दयेचा अर्ज फेटाळल्यावर कोर्टं शिक्षा रद्द करतात ती बहुतेक विलंबावरच, पद्धतीवर एकही नाही. लहान मुलांना पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणी, अटक १९९६, सुप्रीम कोर्टात शिक्षा कायम २००६, दयेचा अर्ज फेटाळला २०१४, आणि २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं जन्मठेप केली, कारण सरकारनं फाईल दाबून ठेवली. पुण्याची बीपीओतल्या तरुणीवरच्या बलात्कार-खुनाची केस, २००७ चा गुन्हा, राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला २०१७ ला, वॉरंट निघालं २०१९ ला. मधली दोन वर्षं काय चालू होतं तर टेबलावरून टेबलावर कागद. तेही गेलं हायकोर्टात, फाशी रद्द. म्हणजे पीडितांच्या घरच्यांना न्याय नाही आणि कैदी रोज सकाळी बुटांचा आवाज ऐकून 'आज का?' म्हणतोय.

जपानमध्ये तर कैद्याला त्याच दिवशी सकाळी, तास-दोन तास आधी सांगतात. आपल्याकडे २०१४ च्या निकालापासून दयेचा अर्ज फेटाळल्यावर किमान १४ दिवस द्यायचे आणि घरच्यांची शेवटची भेट घडवायची हे ठरलंय. त्याआधी काय चालायचं बघा. २०१३ मध्ये अफझल गुरूला तिहारमध्ये फाशी दिली आणि त्याच्या घरी कळवलं स्पीड पोस्टनं, पत्र पोचलं फाशीनंतर दोन दिवसांनी. त्याचा गुन्हा काय होता ते सोडा, बायकोला स्पीड पोस्ट? दोर कुठला वापरला यापेक्षा हे मला जास्त खुपतं.

वर्धारोड:
नागपूरकर आहे, २०१५ ला याकूब मेमनच्या फाशीच्या वेळी आमच्या रस्त्यावर टीव्हीवाल्यांच्या ओबी व्हॅनच व्हॅन. दिल्लीत रात्री तीनला सुप्रीम कोर्ट उघडलं, पहाटे निकाल, सकाळी फाशी, आणि इकडे टपरीवर लोक चहा पीत पैजा लावून राहिले होते की होते का नाही होत. मी पण उभा होतो, झूट कशाला बोलू. पद्धतीबद्दल मला काही कळत नाही पण पैजा लावणाऱ्या लोकांना इंजेक्शन असतं तरी फरक पडला नसता एवढं नक्की.

घाटरस्ता:
भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न राहतात. एक, डॉक्टर, समजा उद्या कोर्टानं इंजेक्शनचा पर्याय दिलाच तर आपल्याकडे ते देणार कोण? दोन, वकीलसाहेब, २०१४ पासून पोस्टमॉर्टेम सक्तीचं आहे तर ते रिपोर्ट बघून एकदाचं कळेल ना की मणका तुटतो की नाही?

भूलभुलैया:
मी तरी देणार नाही, आणि माझ्या ओळखीतला कोणी देईल असं वाटत नाही. वर्ल्ड मेडिकल असोसिएशनची भूमिका स्पष्ट आहे, डॉक्टरनं यात भाग घेऊ नये. म्हणजे मग जेलच्या दवाखान्यातला कंपाउंडर नाहीतर वॉर्डबॉय. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रात्री एक सलाईन लावायला तीन ठिकाणी टोचतात ते सगळ्यांनी अनुभवलंय. त्यात हात थरथरणारा माणूस, बाहेर मॅजिस्ट्रेट घड्याळ बघतोय, आणि पहिलं औषध एक्सपायरीला आलेलं. लॉकेटचं जे अमेरिकेत झालं ते इथे पहिल्याच वेळी होईल. याचा अर्थ दोर चांगला असा नाही. अर्थ एवढाच की 'इंजेक्शन म्हणजे माणुसकी' हे समीकरण धरून कोणी कोर्टात जात असेल तर त्यानं आधी भूल देणाऱ्यांशी बोलावं.

कोर्टकचेरी:
रिपोर्टचं सांगतो. २०१४ नंतर फाशी गेले पाचच, एक नागपूरला, चार तिहारला. म्हणजे पाच कागद आहेत फक्त. शिक्षा झालेले आज पाचशेच्या वर बसलेत आणि वेदनारहित आहे की नाही हे ठरवायला आपल्याकडे पाच कागद. तेही कुठे एकत्र मांडलेले माझ्या तरी वाचनात नाहीत. तुम्ही माहितीच्या अधिकारात टाकून बघा. नागपूरसाठी अर्ज जेल सुपरिंटेंडेंटच्या माहिती अधिकाऱ्याला, तिहारसाठी दिल्ली सरकारच्या तुरुंग विभागाला. मागताना नावं घालू नका, फक्त 'मृत्यूचं कारण आणि मानेच्या मणक्याची नोंद' एवढंच मागा, नाहीतर कलम ८(१)(जे) लावून 'वैयक्तिक माहिती' म्हणून परत पाठवतील. तरी पाठवतीलच. मग तीस दिवसांत पहिलं अपील.

घाटरस्ता:
नागपूरचा अर्ज मी टाकतो. मसुदा इथेच टाकला तर तपासून द्याल का?

कोर्टकचेरी:
टाका. फी माफ, चहा पुण्यात आल्यावर.

पाया_आणि_पिलर:
मसुद्यात ड्रॉप किती मीटर दिला आणि वजन किती होतं हे पण घाला. मणक्याची नोंद आली आणि ते दोन आकडे नसतील तर त्याचा काही उपयोग नाही.